नाशिकमधला तपकिरी ‘नियोस्कोना’ कोळी: जातीपर्यंत ओळख पटवायची कशी?

गोदाकाठ
पावसाळा ओसरायला लागला की गंगापूर रोडपासून आडगावपर्यंत सगळीकडे एक मध्यम आकाराचा तपकिरी कोळी दिसू लागतो. जागा ठरलेल्या: कंपाउंडच्या दिव्याखाली, जास्वंदीच्या कुंपणात, द्राक्षबागेत कडेच्या अँगलला. दिवेलागणीनंतर गोल जाळं विणतो, रात्रभर मधोमध डोकं खाली करून बसतो आणि दिवसा कोपऱ्यात पाय आखडून मुटकुळं करतो.

मादीचं माप पट्टी धरून घेतलंय: पाय सोडून ९ मिमी. पोट वरून त्रिकोणी, खांद्याशी रुंद. पायांवर गडद-फिकट कडी. ॲप एका फोटोला नियोस्कोना नॉटिका म्हणतं, दुसऱ्याला थाइसी, तिसऱ्याला मुखर्जीई, आणि कोळी तोच!

फोटोवरून जात ठरते का? नसेल तर नेमकं काय बघायचं? आणि रीतसर वर्णन लिहायचं झालं तर त्यात काय काय लागतं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

अष्टपाद
आधी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट (इथे नियोस्कोना), पक्की करू, जातीचं नंतर.

अरॅनिडी, म्हणजे गोल जाळं विणणाऱ्या कोळ्यांचं कुळ असेल तर आठ डोळे चार-चारच्या दोन ओळींत असतात. मधले चार एकत्र, चौकोनात. कडेचे दोन-दोन एकमेकांना चिकटून, मधल्यांपासून बरेच लांब. पायांत तिसरी जोडी सगळ्यात आखूड. इथवर बहुतेकांना जमतं.

पुढची खूण लोक बघतच नाहीत: शिरोवक्षाच्या, म्हणजे डोकं-छाती एकत्र असलेल्या पुढच्या भागाच्या, पाठीवर मध्यभागी असलेली खाच. नियोस्कोनाच्या मादीत ती उभी, म्हणजे शरीराच्या लांबीच्या दिशेने रेघेसारखी असते. अरॅनियस या दिसायला जवळच्या प्रजातीच्या मादीत आडवी. दहापट भिंगातून सहज दिसते, फक्त प्रकाश बाजूने टाका. समोरून फ्लॅश मारला तर खाच सपाट दिसते आणि तिथेच घोळ होतो.

मग पोटाची खालची बाजू. नियोस्कोनात तिथे मधोमध काळा पट्टा आणि त्याला दोन्हीकडून पांढऱ्या खुणांची चौकट. हे दोन्ही जुळलं तर प्रजाती जवळजवळ ठरली.

जात मात्र पाठीच्या रंगावरून ठरत नाही. एकाच जातीत फिकट पिवळट ते जवळजवळ काळे असे कोळी निघतात. मादीची जात ठरते एपिगाइनवर, म्हणजे पोटाच्या खाली पुढच्या भागात असलेल्या कठीण जननपट्टिकेवर. नराची ठरते पाल्पवर, म्हणजे तोंडाशेजारच्या पायासारख्या छोट्या अवयवावर. ॲपला तुम्ही फक्त पाठ दाखवताय, मग ते बिचारं तीन नावं सांगणार नाही तर काय करणार?

सातपूरकर
पाठ बघून ओळख पटत नाही, पोटात शिरावं लागतं. माणसांचंही तेच. :)

मॅक्रोमावशी
गोदाकाठ, फोटो कमीत कमी चार लागतात: पाठ, पोटाची खालची बाजू, चेहरा समोरून, आणि अख्खं जाळं.

खालच्या बाजूसाठी कोळ्याला हात लावायची गरज नाही. जाळ्याच्या एका बाजूने पाठ दिसते, दुसऱ्या बाजूने पोट. फक्त वळसा घालून पलीकडे जा, आणि जाताना आधाराचे दोरे तोडू नका.

जाळं भिंतीला लागून असेल तर दोन पारदर्शक प्लास्टिकचे ग्लास घ्या. एकाचा तळ कापून त्या तोंडावर स्वयंपाकघरातली पातळ क्लिंग फिल्म ताणून बसवा. दुसऱ्याच्या बुडावर बाहेरून मऊ स्पंजचा गोल तुकडा चिकटवा. कोळी पहिल्या ग्लासात, मग दुसरा खालून अलगद सरकवायचा. कोळी स्पंज आणि फिल्म यांच्यामध्ये हलकासा दाबून स्थिर होतो आणि फिल्ममधून पोट स्वच्छ दिसतं. पाय हलायचे थांबले की तिथेच थांबा, त्यापुढे एक मिलिमीटरही नाही. पोट फुटलं तर कोळी वाचत नाही. स्पंज कोरडा हवा, ओला असला तर फिल्मवर वाफ धरते.

जाळ्याच्या फोटोला मागे काळं कापड आणि टॉर्च एका बाजूने. मोजपट्टी त्याच प्रतलात धरा, पुढेमागे धरली तर माप खोटं येतं.

जाळीदार
जाळ्यावर कॉर्नफ्लॉवर भुरभुरवलं की एकेक धागा उठून दिसतो. फुग्याच्या पिचकारीने दुरून मारायचं.

मॅक्रोमावशी
जाळीदार, याला माझा विरोध. पीठ बसलं की चिकट धाग्याचा चिकटपणा गेला, कोळ्याची त्या रात्रीची शिकार बुडाली. अत्तराच्या रिकाम्या बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा मारला तरी तेच काम होतं आणि पाणी सुकून जातं.

जाळीदार
पाण्याचे थेंब जड होऊन धागे खाली ओढतात, मोजणी चुकते. आरे, म्हणजे मध्यातून बाहेर जाणारे धागे किती आणि धाग्यांमधलं अंतर किती, ते मोजायचं असेल तर पीठच हवं. हे कोळी जाळं रोज खाऊन नवं विणतात, त्यामुळे एका रात्रीपलीकडे नुकसान नाही. पहाटे, कोळी जाळं गुंडाळायच्या जरा आधी मारा, म्हणजे रात्रही बुडत नाही. नुसता छान फोटो हवा असेल तर मात्र पाणीच बरं, एवढं मान्य.

निफाडची_बाग
चांगली माहिती. आमच्याकडे कोळी फार वाढलाय, पानं तांबूस पडताहेत. हाच का तो? कुठलं औषध मारावं?

पानवेल
निफाडची_बाग, दादा, तुमचा तो लाल कोळी, म्हणजे माइट. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो, पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळी धरतो आणि पानाचा रस शोषतो. शरीर एकसंध, कंबर नाही. या चर्चेतला कोळी पानाला तोंडही लावत नाही. दुकानात ‘कोळीनाशक’ म्हणून मिळतं ते माइटसाठी.

बागेतला गोल जाळ्याचा कोळी उडणारं खातो: तुडतुड्यांचे प्रौढ, पतंग, माश्या, डास. पिठ्या ढेकूण (मिलीबग) सरपटतो, तो जाळ्यात येत नाही, त्यामुळे त्याच्यावर या कोळ्याची मदत धरू नका. गोडी छाटणीनंतर (फळांसाठीची ऑक्टोबरच्या सुमाराची छाटणी) सिंथेटिक पायरेथ्रॉइड या कीटकनाशकाच्या फवारण्या झाल्या की कोळी आधी संपतात. अंगावरच्या थेंबांनी मरतात ते वेगळे, पण जाळ्यावर बसलेलं औषध जाळं खाताना पोटातही जातं. मधल्या ओळी सुन्या आणि बांधाकडेला जाळी भरपूर, असं चित्र दिसतं ते यामुळेच.

निफाडची_बाग
धन्यवाद. म्हणजे याला मारायचं नाही, त्याला मारायचं.

अंजनेरीचा_वारा
नियोस्कोनावर शिक्का मारण्याआधी नाशिकमध्ये दिसणारी बाकीची मंडळी वगळून घ्या.

जाळ्याच्या मध्यावर पांढरी नागमोडी फुली आणि कोळी पाय जोडीजोडीने फुलीवर ठेवून बसलेला: अर्जिओपी, आपला ‘सिग्नेचर स्पायडर’. अर्जिओपी अनसूया झुडपांत, बागेत, घराजवळही. मादी ८ ते १२ मिमी, पोट पंचकोनी. फुलीचे चारही हात असतीलच असं नाही. एखादाच असतो, कधी अजिबात नसतो, म्हणून फुली नाही या कारणाने अर्जिओपी बाद करू नका.

जाळं जवळजवळ आडवं, मध्यभागी मोकळं भोक, कोळी चंदेरी: ल्यूकॉज. हा वेगळ्याच कुळातला, टेट्राग्नॅथिडी. चौथ्या पायाच्या मांडीवर बारीक केसांच्या दोन रांगा दिसल्या की शंका संपली.

निवडुंगावर किंवा कुंपणावर तंबूसारखं, बारीक जाळीचं, हाताला न चिकटणारं जाळं: सिर्टोफोरा. मध्यावर कचऱ्याची उभी माळ आणि तिच्यात कोळी असा बेमालूम मिसळलेला की सापडत नाही: सायक्लोसा. अंगावर काटे: गॅस्टरकँथा. सोनेरी झाक असलेलं भलंमोठं जाळं त्र्यंबक-इगतपुरीच्या रानात दिसलं तर नेफिला पिलिपीस, तिची मादी ३ ते ५ सेमी आणि नर जेमतेम ५-६ मिमी.

पानाची पुंगळी करून आत बसणारा, पांढऱ्या पोटावर काळी मिशी असलेला कोळी जुन्या याद्यांत ‘अरॅनियस मिटिफिकस’ म्हणून सापडेल. २०२१ पासून तो बिजोअरॅनियस. वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग या कोळ्यांच्या नावांच्या ऑनलाइन यादीत आजचं नाव तपासल्याशिवाय काही लिहू नका.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. खाच उभीच आहे. पोटाखाली काळा पट्टा, दोन्हीकडे पांढऱ्या खुणा. ग्लासची युक्ती उत्तम चालली. पण एपिगाइनच्या जागी फक्त फिकट उंचवटा दिसतोय, त्यावर ठळक असं काहीच नाही. फोटो दिला आहे.

अष्टपाद
ही मादी अजून वयात आलेली नाही. शेवटची कात टाकायची बाकी आहे. उंचवटा म्हणजे आत एपिगाइन घडतंय. या अवस्थेत जगातला कुठलाही तज्ज्ञ जात सांगणार नाही, आणि सांगितली तर त्यावर विश्वास ठेवू नका. नरातही तसंच: शेवटच्या कातेआधी पाल्पचं टोक फुगलेलं असतं पण गुळगुळीत. वयात आल्यावर त्यावर आकडे, काटे, वळ्या दिसतात.

वयात आलेल्या नियोस्कोना मादीत पट्टिकेतून मागे वळलेली एक कडक जीभ दिसेल. तिला स्केप म्हणतात. ती बुडाशी घट्ट जोडलेली असते, हलत नाही. अरॅनियसची वळ्यावळ्यांची, लवचीक असते.

कवडसा
कात टाकेपर्यंत सांभाळायचं असेल तर बरणीत ठेवू नका. जाळं विणायला चौकट नसेल तर कोळी उपाशी राहतो, आणि लटकायला उंची नसेल तर कात टाकताना पाय अडकून निकामी होतात.

धुण्याच्या कपड्यांची उभी जाळीची बास्केट मिळते, साधारण दोन फूट उंच, ती उत्तम. आत दोन सुक्या फांद्या आडव्या-उभ्या अडकवा. रोज संध्याकाळी एका बाजूला पाण्याचा हलका फवारा, कारण कोळी थेंबांतूनच पाणी पितो. आठवड्यातून दोनदा जिवंत माशी किंवा छोटा पतंग, तोही जाळ्यात टाकायचा. खाली पडलेलं भक्ष्य हा शोधायला जात नाही. खाणं थांबवलं की कात जवळ आली समजा, मग भक्ष्य आत सोडू नका. मऊ अंगाच्या कोळ्याला तेच इजा करतं.

कात टाकल्यावर लगेच फोटोची घाई नको. एपिगाइन कडक आणि गडद व्हायला दोन-तीन दिवस द्या. टाकलेली कात फेकू नका, कागदी पुडीत तारीख घालून ठेवा.

सातपूरकर
म्हणजे वयात येईपर्यंत सांभाळायचं, खाऊपिऊ घालायचं आणि मग नाव-गाव पक्कं झालं की पाठवणी. ओळखीचं वाटतंय.

रानजाई
एक प्रश्न. वर्णनासाठी म्हणून स्पिरिटमध्ये बुडवून मारणं खरंच गरजेचं आहे का? हा कोळी दुर्मीळ नाही, चावला तरी माणसाला धोका नाही, मग फोटोवर का भागत नाही?

सूक्ष्मदर्शी
रानजाई ताई, नुसत्या ओळखीसाठी गरज नाही. जिवंत मादीच्या स्केपचा सरळ खालून आणि बाजूने, असे दोन चांगले फोटो मिळाले तर परिसरातल्या नेहमीच्या जाती बऱ्याचदा ओळखता येतात. पण वर्णन प्रसिद्ध करायचं तर नमुना लागतोच, कारण उद्या कुणाला शंका आली तर फोटोतली न दिसणारी बाजू तपासता येत नाही. एक मादी, एक नर पुरे. पिशवी भरून गोळा करणं ही वेगळी गोष्ट, आणि तिला माझाही विरोधच.

आता वर्णनाचं. जिवंतपणी रंगीत फोटो आधी, कारण स्पिरिटमध्ये हिरवा-पिवळा रंग काही दिवसांत उडतो. शरीररचनेसाठी ७० टक्के इथेनॉल. डीएनएसाठी ७० चालत नाही: एक पाय काढून ९५ टक्क्यांवरच्या इथेनॉलमध्ये, फ्रीजरमध्ये. हँड सॅनिटायझरचं जेल वापरू नका.

चिठ्ठी बाटलीच्या आत, जाड कागदावर, पेन्सिलने. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते आणि मग बाटलीत एक निनावी कोळी उरतो. चिठ्ठीवर ठिकाण, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश चार दशांश स्थळांपर्यंत म्हणजे सुमारे ११ मीटरची अचूकता, तारीख, अधिवास, गोळा करणाऱ्याचं नाव. नुसतं ‘नाशिक’ लिहून उपयोग नाही, जिल्ह्यात पेठचं रान आहे आणि येवल्याचं माळरानही.

मापं मिलिमीटरमध्ये: एकूण लांबी, शिरोवक्षाची लांबी-रुंदी, पोटाची लांबी-रुंदी, डोळ्यांचे व्यास आणि त्यांच्यातली अंतरं, प्रत्येक पायाच्या फीमर, पटेला, टिबिया, मेटाटार्सस, टार्सस या भागांची लांबी. पायांचा क्रम आकड्यांत लिहितात, या कुळात बहुधा १२४३, म्हणजे पहिला पाय सगळ्यात लांब, मग दुसरा, चौथा आणि शेवटी तिसरा. तुलना शिरोवक्षाच्या मापावर करा. पोट खाण्यावर आणि अंड्यांवर फुगतं, त्यामुळे ‘९ मिमी’ हा आकडा ओळखीत जवळजवळ बिनकामाचा.

एपिगाइन कापून काढलं की १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या कोमट द्रावणात काही मिनिटं. चष्मा आणि हातमोजे घालून. दर मिनिटाला बघत राहा. जास्त झालं तर सगळंच पारदर्शक होऊन आतल्या नळ्यांची कड दिसेनाशी होते. तेवढी तयारी नसेल तर लवंगतेल. वेळ लागतो पण बिघडत काही नाही.

चित्र खालून, बाजूने आणि मागून. कोन जरा बदलला की स्केप आखूड किंवा लांब दिसते, आणि त्यातूनच ‘वेगळी जात’ जन्माला येते! नराचा डावा पाल्प काढायचा संकेत आहे. उजवाच काढला असेल तर तसं स्पष्ट लिहा.

अष्टपाद
+१. एक भर: काही जातींत मीलनाच्या वेळी नर मादीची स्केप तोडून टाकतो. जपानमधल्या सायक्लोसा अर्जेंटिओअल्बामध्ये हे नीट अभ्यासलं गेलंय. तेव्हा जीभ नसलेली गडद पट्टिका दिसली तर आधी तुटल्याची कड शोधा, मग नवलाई.

चामरलेणी
माझ्याकडच्या फोटोतला कोळी कुठल्याच फोटोशी जुळत नाही. नवी जात असणार! नाव काय देता येईल?

सातपूरकर
नियोस्कोना मिसळेन्सिस. तर्री जास्त.

सूक्ष्मदर्शी
चामरलेणी, नेटवरच्या फोटोंशी न जुळणं हा पुरावा नव्हे. जगात ५० हजारांवर कोळ्यांच्या जातींची नोंद आहे, त्यातल्या असंख्य जातींचे जिवंत फोटोच नाहीत. आधी कोळीतज्ज्ञ टिकादारांचं १९८२ चं भारतीय अरॅनिडींवरचं काम, मग कॅटलॉगमधून प्रत्येक जवळच्या जातीचं मूळ वर्णन, मग शक्य तिथे मूळ नमुना. कित्येक जाती फक्त मादीवरून किंवा फक्त नरावरून लिहिल्या गेल्यात, त्यामुळे तुमचा ‘नवा’ नर म्हणजे जुन्याच मादीचा जोडीदार निघू शकतो.

तरीही नवी निघाली तर होलोटाइप, म्हणजे जातीचं नाव ज्याला बांधलेलं असतं तो एक नमुना, ठरवून तो कुठे ठेवलाय ते छापावं लागतं. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात असेल तर झूबँक या प्राणिनावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी हवी. शिवाय जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या जातीची माहिती आणि नमुना नेमलेल्या संस्थेकडे द्यावा लागतो. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. आणि नांदूर मध्यमेश्वरसारख्या अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय मुंगीसुद्धा उचलायची नाही.

नावाचं म्हणाल तर नियोस्कोना स्त्रीलिंगी. ‘नाशिकेन्सिस’ चालेल. बाईच्या नावावरून दिलं तर शेवटी ‘-ae’, पुरुषाच्या नावावरून दिलं तर ‘-i’.

गोदाकाठ
कात पडली, तीन दिवस थांबून सरळ खालून फोटो घेतलाय. आता गडद जीभ स्पष्ट आहे, आखूड आणि रुंदसर. पाठीवर फिकट उभा पट्टा अजिबात नाही, सगळी गडद तपकिरी. जाळ्याचा मध्य वरच्या बाजूला सरकलेला, खालचा भाग मोठा.

जाळीदार
मध्य वर असणं उभ्या गोल जाळ्यांत नेहमीचंच. कोळी वर चढण्यापेक्षा खाली वेगाने धावतो. त्यावरून जात कळत नाही.

अष्टपाद
थाइसीच्या ठरावीक रूपात पाठीवर कडा नागमोडी असलेला फिकट पट्टा असतो. तो इथे नाही, पण मी आधीच लिहिलंय की रंगावर जायचं नाही, म्हणून तेवढ्यावर बाद करत नाही. रुंद, आखूड स्केप आणि घराच्या आसपासचा वावर हे नॉटिकाकडे झुकतं. नॉटिका जगभरच्या उष्ण प्रदेशांत इमारतींवर सापडते. मुखर्जीई बाजूला काढायला स्केपचं बाजूचं दृश्य लागेल: तिचं टोक पोटापासून किती उचललेलं आहे आणि कडांचे फुगवटे कुठे सुरू होतात.

तोवर नोंद ‘नियोस्कोना सीएफ. नॉटिका’ अशी करा. ‘सीएफ.’ म्हणजे जुळतंय पण पडताळणी बाकी. ‘ॲफ.’ लिहू नका, त्याचा अर्थ जवळची पण वेगळी जात असा होतो. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर प्रजातीपर्यंतच ठेवा. दोघांनी री ओढली की तिथे ‘रिसर्च ग्रेड’चा शिक्का बसतो, आणि पुढच्या माणसाचं ॲप त्याच फोटोवरून शिकतं.

मॅक्रोमावशी
बाजूच्या फोटोसाठी ग्लास आडवा धरा, फिल्म तुमच्याकडे नको, बाजूची भिंत कॅमेऱ्याकडे. ग्लासवर रेघा असतील तर काम बिघडतं, गुळगुळीत ग्लास घ्या.

रानजाई
आणि फोटो झाला की जिथून आणली त्याच कुंपणावर सोडा, दिवस मावळल्यावर. भर दुपारी सोडलीत तर जाळं विणायच्या आधी बुलबुल उचलेल.

गोदाकाठ
गुळगुळीत ग्लास आणलाय. बाजूचा फोटो याच धाग्यावर टाकतो, मापासकट. आणि या वेळी शिरोवक्षाचं माप.